मोहाचा हंगाम आणि वाघ



मंडळ्यांमध्ये आमच्या कामाविषयी बोलायला गेलो की एक प्रश्न हमखास येतो. चंद्रपूरकडे वाघ माणसं मारतो, मग त्याला वाचवायचा एवढा खटाटोप कशाला? प्रश्न रास्त आहे, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

२००६च्या गणनेत देशात सुमारे १४११ वाघ उरले होते. २०२२च्या गणनेत हा अंदाज ३६८२वर गेला, त्यांतले ४४४ महाराष्ट्रात. तरीही जगाच्या हिशेबात वाघ अजून संकटग्रस्तच आहे. ताडोबा-अंधारी प्रकल्प सुमारे १७२७ चौरस किलोमीटरचा, पण वाघाला हद्द कुठे कळते? वयात आलेला नर आईपासून सुटला की स्वतःचा मुलूख शोधत निघतो आणि ब्रह्मपुरीकडच्या जंगलांत, शेतांच्या कडेला मुक्काम करतो. गोंड कुटुंबांचं मीठ-तेलही त्याच जंगलातून येतं.

मार्च-एप्रिलमध्ये मोहफुलं पहाटे गळतात. उशीर केला तर गुरं आणि हरणं ती खाऊन टाकतात. म्हणून बाया उजाडण्याआधीच टोपल्या घेऊन निघतात आणि तासन्‌तास वाकून फुलं वेचतात. वाघाच्या शिकारीची वेळही तीच. वाकलेलं माणूस त्याला चार पायांच्या जनावरासारखं दिसतं, असं जाणकार सांगतात. मोह संपला की तेंदूपत्ता सुरू होतो. बहुतेक माणसं अशी जंगलात कामावर असतानाच गेली आहेत.

मृत्यू झाला तर शासन वारसांना २५ लाख रुपये देतं. मला त्याहून मोलाचं वाटतं ते आधीचं काम. ताडोबालगतच्या गावांत तरुणांची प्राथमिक प्रतिसाद पथकं आहेत. वाघ दिसला की ती गर्दी आवरतात, वनखात्याला कळवतात. जन-वन विकास योजनेतून गॅस मिळाला की सरपणाच्या फेऱ्या कमी होतात. (सिलिंडर पुन्हा भरायला मात्र पैसे हवेत.) मोहाखाली जाळी पसरली तर फुलं आयती गोळा होतात, वाकावं लागत नाही आणि झाडाखालचा पाला जाळायची गरजही उरत नाही.

राहिला गावं हलवण्याचा प्रश्न. गाभा क्षेत्रातली नवेगाव, जामणी ही गावं बाहेर वसवली गेली. वनहक्क कायदा, २००६ प्रमाणे आधी हक्क निश्चित व्हावे लागतात आणि ग्रामसभेची लेखी संमती लागते. कागद समोर येईल तेव्हा तो वाचून दाखवणारं माणूस सभेत हवं.

आणि वाघाशी या लोकांचं वैर आहे, असं समजू नका. ताडोबा हे नावच तारू या गोंड गावप्रमुखावरून पडलं. तो वाघाशी झुंजताना मेला, असं सांगतात. तळ्याकाठी त्याचं ठाणं आहे, पौषात तिथे जत्रा भरते. वाघ नकोच, असं मला गावात क्वचितच ऐकू येतं. बाया विचारतात ते एवढंच, की मोह गळायच्या आत जाळ्या येतील का.