हत्यारांच्या कपाटाला लाखेचा साज

सुताराच्या कामाच्या खोलीत हत्यारांचे कपाट ही चैन नव्हे, गरज असते. रंधा, पटाशी, करवत पावसाळ्यात गंजू नयेत आणि हवे ते हत्यार चटकन हाती लागावे, हा त्याचा हेतू. दारांना नक्षीदार लाकूड वापरले, तर हेच कपाट कारागिराच्या कौशल्याची ओळख ठरते. मात्र असे लाकूड दिसायला जितके देखणे, तितकेच वागायला हट्टी असते.

खोडाला जिथे फांदी फुटते किंवा गाठ येते, तेथील तंतू सरळ न जाता वळणे घेतात. प्रत्येक वळणावर प्रकाश निराळा परावर्तित होतो आणि लाटा, ज्वाला उमटल्याचा भास होतो. या सौंदर्याचे कारण तेच दोषाचेही कारण आहे. दमट हवेत लाकूड रुंदीत फुगते, लांबीत जवळजवळ नाही. तंतूच वाकडे असले, की फळी असमान फुगते आणि पिळवटते.

म्हणून सांगाडा व दारांच्या चौकटी सरळ रेषांच्या, नीट वाळलेल्या सागाच्या कराव्यात. नक्षीदार फळी पातळ ठेवून चौकटीच्या खाचेत सैल बसवावी. तिला सरस किंवा खिळा लावू नये. काम उन्हाळ्यात होत असेल, तर फुगण्यासाठी खाचेत थोडी अधिक जागा सोडावी. रंध्याचे पाते बोथट असल्यास वाकडे तंतू उपटले जाऊन खड्डे पडतात. त्यामुळे काप पातळ घ्यावा आणि शेवटी पोलादी पत्रीने पृष्ठभाग खरवडून घ्यावा.

नक्षी खुलवण्यासाठी लाखेचे पॉलिश उत्तम. पळस, कुसुम, बोर या झाडांच्या डहाळ्यांवर लाखेचे कीटक जो स्राव सोडतात, त्यापासून चपडी लाख तयार होते. झारखंड हे तिच्या उत्पादनातील आघाडीचे राज्य असून, रांचीजवळ नामकुम येथे १९२४ मध्ये लाख संशोधन संस्था सुरू झाली. जंगलालगतच्या अनेक आदिवासी कुटुंबांना हे पीक रोख उत्पन्न देते.

एक लिटर स्पिरिटमध्ये सुमारे २५० ग्रॅम लाख रात्रभर भिजवून द्रावण गाळावे. पहिल्या हातांसाठी ते आणखी पातळ करावे. कापसाचा बोळा मऊ सुती कापडात गुंडाळून, फळीच्या दोन्ही बाजूंना अनेक पातळ हात द्यावेत. एकच बाजू पॉलिश केली, तर दुसरी अधिक ओलावा शोषते आणि फळी वाकते. स्पिरिट ज्वालाग्राही असल्याने जवळ ज्योत नसावी. भर पावसात पॉलिश टाळावे. हवेतील ओलाव्याने पांढुरकी झाक येते. जुने द्रावण नीट सुकत नाही. काचेवर टाकलेला थेंब दुसऱ्या दिवशीही चिकट राहिला, तर ते वापरू नये.

उष्णता, साचलेले पाणी आणि स्पिरिट यांपुढे लाख टिकत नाही, ही तिची मर्यादा. परंतु ओरखडा पडल्यास नवा हात जुन्या थरात विरघळून एकजीव होतो. रोज हाताळल्या जाणाऱ्या कपाटासाठी हा गुण मोलाचा ठरतो.