रेल्वेच्या गणवेशाची गुंडी : ओळख आणि कालनिश्चिती

धातुशोधक यंत्राच्या साह्याने जमिनीतून मिळालेली रेल्वेच्या गणवेशाची पितळी गुंडी अभ्यासकापुढे आली म्हणजे तीन प्रश्न उपस्थित होतात : ती कोणत्या कंपनीची, कोणत्या काळातील, आणि त्या स्थळी ती केव्हा व कशी आली. पहिल्याचे उत्तर बहुधा गुंडीच देते, दुसऱ्याचे अंशतः देते; तिसऱ्याचे उत्तर मात्र तिच्या अंगी नसते. अमेरिकेतील न्यूयॉर्क सेंट्रल रेल्वेच्या उदाहरणाने हा भेद स्पष्ट होईल.

ही कंपनी १८५३ मध्ये अनेक लहान रेल्वे-कंपन्यांच्या एकीकरणातून निर्माण झाली. १८६९ मध्ये हडसन रिव्हर रेल्वे तीत मिळाली आणि संयुक्त कंपनीस दोन्ही नावे देण्यात आली. १९१४ च्या पुनर्रचनेत मूळचे नाव पुन्हा आले. १९६८ मध्ये पेनसिल्व्हेनिया रेल्वेशी विलीनीकरण होऊन तेही लोपले. तेव्हा गुंडीच्या दर्शनी भागावर ‘एन्. वाय्. सी. अँड एच्. आर्. आर्. आर्.’ अशी आद्याक्षरे असतील, तर तिची घडण १८६९ ते १९१४ या मर्यादेत बसते. केवळ ‘एन्. वाय्. सी.’ असेल, तर १८६९ पूर्वीचा आणि १९१४ नंतरचा असे दोन कालखंड संभवतात.

अशा वेळी गुंडीची मागील बाजू पाहावी. तेथे कडीभोवती पुष्कळदा उत्पादकाचे नाव उमटविलेले असते. कनेक्टिकट राज्यातील वॉटरबरी येथील स्कोव्हिल मॅन्युफॅक्चरिंग कंपनीने हे नाव १८५० मध्ये धारण केले. म्हणून ते असलेली गुंडी त्यापूर्वीची असू शकत नाही. परंतु हेच नाव पुढे शतकाहून अधिक काळ चालू राहिल्याने उपरोक्त दोन कालखंडांतील निवड केवळ त्यावरून करता येत नाही.

शिवाय घडणीचा काळ म्हणजे जमिनीत पडण्याचा काळ नव्हे. जुना कोट सेवानिवृत्तीनंतरही वापरला जातो, गुंडी दुसऱ्या वस्त्रास लावली जाते. गुंडी केव्हा पडली याचा निर्णय तिची जागा, खोली, मातीचा थर आणि सोबतच्या वस्तू यांवरूनच करावा लागतो. हा पुरावा ती उचलताक्षणी नष्ट होतो. म्हणून प्रथम नोंद करावी, मगच गुंडी उचलावी. अम्लाने अथवा घासून ती उजळण्याचाही मोह टाळावा, कारण त्यामुळे मुलाम्याबरोबर मागील अक्षरेही झिजतात. नोंदीवाचून मिळालेल्या गुंडीवरून कंपनीचे नाव सांगता येईल. त्या स्थळाच्या इतिहासाविषयी कोणतेही विधान करणे मात्र धाडसाचे ठरेल.