सिकलसेलची मुले आणि मेंदूच्या धमन्या

अर्धांगवायू म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे साठी ओलांडलेला, रक्तदाब वाढलेला, खर्रा-तंबाखूची सवय असलेला माणूस उभा राहतो. हा समज चुकीचा नाही. परंतु आपल्या विदर्भात शाळेत जाणाऱ्या मुलांनाही अर्धांगवायू होतो आणि त्यामागे सिकलसेल हा आजार असू शकतो, हे अजूनही अनेक घरांत ठाऊक नाही. एके काळी ते माझ्याही नीट लक्षात आले नव्हते.

मी नवखा डॉक्टर असताना एका ग्रामीण रुग्णालयात होतो. एक आई सात वर्षांच्या मुलाला घेऊन आली. म्हणाली, "डॉक्टरसाहेब, सकाळी पोट्ट्याच्या हातातून सारं पडून रायलं होतं. तोंडही जरासं वाकडं झालं होतं." मी तपासले तेव्हा मुलगा दोन्ही हातांनी बिस्किटाचा पुडा फोडत होता. डोळे थोडे पिवळट, चेहरा फिका. अशक्तपणा असेल असे समजून मी लोहाच्या गोळ्या लिहून दिल्या. तीन आठवड्यांनी बाप त्याला खांद्यावर टाकून घेऊन आला. उजवा हात-पाय लुळा पडलेला आणि बोलणे बंद. रक्त तपासले तेव्हा सिकलसेल निघाला. पहिल्या दिवशी जे अर्ध्या तासात गेले, तो धोक्याचा इशारा होता आणि मी तो ओळखला नाही. लोहाच्या गोळ्याही चुकीच्याच होत्या. सिकलसेलमध्ये रक्त कमी असते ते बहुधा लोह नसल्यामुळे नव्हे, तर तांबड्या पेशी लवकर मोडतात म्हणून.

हे का घडते ते समजण्यासाठी मेंदूचा रक्तपुरवठा पाहू. मेंदूचे वजन शरीराच्या जेमतेम दोन टक्के, पण हृदयातून निघणाऱ्या रक्तापैकी सुमारे 15 टक्के रक्त त्याला लागते. ते नेणाऱ्या मोठ्या धमन्या चार. मानेच्या पुढच्या भागात, घाटीच्या दोन्ही बाजूंना बोट ठेवले की जी धडधड लागते ती ग्रीवा धमनी. जबड्याच्या खाली तिच्या दोन शाखा होतात. एक चेहऱ्याकडे जाते आणि दुसरी, म्हणजे अंतर्ग्रीवा धमनी, कवटीत शिरते. उरलेल्या दोन धमन्या मागच्या बाजूने, मानेच्या मणक्यांना असलेल्या छिद्रांतून वर चढतात आणि कवटीत गेल्यावर एक होतात. या सर्व धमन्या मेंदूच्या तळाशी लहान-लहान फाट्यांनी एकमेकींना जोडलेल्या असून त्यांचे एक कडे तयार होते. थॉमस विलिस या इंग्रज वैद्याने 1664 साली आपल्या ग्रंथात त्याचे वर्णन केले, म्हणून त्याला विलिसचे कडे म्हणतात. गंमत अशी की त्या ग्रंथासाठी चित्रे काढणाऱ्यांत लंडनचे सेंट पॉल चर्च बांधणारा ख्रिस्तोफर रेन हाही होता.

या कड्याचे काम आपल्या रिंग रोडसारखे आहे. वर्धा रोड बंद असला तरी रिंग रोडने वळसा घालून माणूस शहरात पोचतो, तसे एक धमनी बंद पडली तर दुसरीकडून रक्त येऊ शकते. मात्र प्रत्येकाचे कडे पूर्ण असतेच असे नाही. अनेकांत एखादा फाटा बारीक असतो किंवा नसतोच. शिवाय कड्यातून पुढे निघालेली धमनी बंद झाली तर तिच्या टापूला हा वळसा फारसा उपयोगी पडत नाही.

सिकलसेलमध्ये नेमकी मोक्याची जागा बिघडते. या आजारात तांबड्या पेशींतील हिमोग्लोबिन प्राणवायू सोडल्यावर एकमेकांना चिकटून काड्यांसारखे होते आणि पेशी विळ्याच्या आकाराची, कडक बनते. बारीक वाहिन्यांत अशा पेशी अडकल्या की हातपाय, पाठ, पोट असह्य दुखते, हे रुग्णांना माहीत असते. मेंदूत मात्र मुख्य बिघाड मोठ्या धमन्यांत होतो. अंतर्ग्रीवा धमनी जेथे संपते आणि मेंदूच्या मधल्या व पुढच्या भागाच्या धमन्या जेथे सुरू होतात, तेथे आतले अस्तर खरवडले जाऊन जाड होते आणि मार्ग अरुंद होत जातो. हे काम महिनोन्‌महिने गुपचूप चालते. माझ्या त्या छोट्या रुग्णाची डावी बाजू अशीच बंद झाली होती. डावा मेंदू उजवे अंग चालवतो आणि बहुतेकांत बोलणेही त्याच्याच ताब्यात असते.

नागपूरचा आणि या आजाराचा संबंध जुना आहे. 1952 साली निलगिरीच्या आदिवासींत तो प्रथम आढळला आणि 1958 साली डॉ. शुक्ला व डॉ. सोळंकी यांनी मध्य भारतातील सिकलसेलविषयी 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात लिहिले. भारतीय रुग्णांत गर्भावस्थेतील हिमोग्लोबिन बऱ्याच प्रमाणात टिकून राहते. त्यामुळे आपल्याकडचा सिकलसेल सौम्य असतो असे फार दिवस सांगितले जाई. अमेरिकेतील मुलांच्या तुलनेत आपल्याकडे अर्धांगवायू कमी दिसतो हे खरे, पण विदर्भात ज्याने सिकलसेलचे वॉर्ड पाहिले आहेत तो 'सौम्य' हा शब्द जपूनच वापरील.

मग आधी कळते का? कळते. कानशिलावर एक छोटे यंत्र टेकवून ध्वनिलहरींनी मेंदूच्या धमन्यांतील रक्ताचा वेग मोजता येतो. सुई नाही, वेदना नाही. नळाच्या तोंडावर अंगठा दाबला की पाण्याची धार जोरात उडते, तसेच अरुंद धमनीतून रक्त वेगाने धावते. हा वेग सेकंदाला 200 सेंटिमीटर किंवा अधिक भरला तर धोका मोठा. अमेरिकेत 1998 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अशा 130 मुलांपैकी निम्म्यांना नियमित रक्त दिले गेले. रक्त न दिलेल्यांत 11 जणांना अर्धांगवायू झाला, रक्त दिलेल्यांत एकाला. पुढे 2016 साली दिसून आले की, काही काळ रक्त घेतलेल्या आणि धमन्या फार खराब न झालेल्या मुलांना नंतर हायड्रॉक्सियुरिया या औषधावर ठेवता येते. हे औषध आपल्याकडे मिळते आणि नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात मुलांमध्ये कमी मात्रेत त्याचा अभ्यास होऊन चांगला गुण दिसला आहे. मात्र रक्ततपासणी करीत राहावे लागते. मनाने सुरू किंवा बंद करू नये.

दोन ते सोळा वर्षांच्या सिकलसेलग्रस्त मुलाची वेगाची ही तपासणी वर्षातून एकदा व्हावी. तालुक्याच्या ठिकाणी ती सहसा होत नाही, नागपूरला यावे लागते. एका दिवसाची मजुरी बुडते, एसटीचे भाडे लागते, हे मला ठाऊक आहे. म्हणून पुढच्या औषधाच्या तारखेलाच ती जोडून मागावी.

आणि ही लक्षणे घरातल्या सर्वांना, आजीलासुद्धा सांगून ठेवा: तोंड एका बाजूला ओढले जाणे, हातातून वस्तू पडणे, एक पाय ओढत चालणे, बोबडी वळणे, अचानक झटका येणे. पाच मिनिटांत बरे वाटले तरी मोठ्या रुग्णालयातच जावे. 'वारे गेले' म्हणून तेल चोळण्यात किंवा कबुतराचे रक्त लावण्यात जाणारा प्रत्येक तास मेंदूचा असतो. दारातच सांगा, "मुलाला सिकलसेल आहे." कारण येथे उपचार वेगळा आहे. मुलाचे रक्त काढून दुसरे भरावे लागते, जेणेकरून विळ्याच्या पेशींचे हिमोग्लोबिन 30 टक्क्यांखाली येईल. पुढेही दर तीन-चार आठवड्यांनी रक्त द्यावे लागते. ते न दिल्यास दुसरा झटका येण्याची भीती फार मोठी असते. माझ्या त्या रुग्णाला काही महिने रक्त मिळाले. तो लंगडत का होईना चालू लागला, डाव्या हाताने लिहू लागला. बोलणे मात्र पूर्ण परतले नाही.

अशा घरांतले लोक हमखास विचारतात, धाकटी मुलगी नुसती वाहक आहे, तिलाही ही तपासणी हवी का? नाही. वाहकांच्या मेंदूच्या धमन्यांना हा धोका सहसा नसतो. तिच्या लग्नाच्या वेळी मात्र मुलाचे रक्त आधी तपासावे. दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात आजारी मूल होण्याची शक्यता चारात एक असते.