आर्थिक उत्तेजन निधीचे वाटप : अमेरिकेतील मतभेदांचा अन्वयार्थ

२००८ च्या वित्तीय संकटानंतर अमेरिकेत १७ फेब्रुवारी २००९ रोजी सुमारे ७८७ अब्ज डॉलर खर्चाचा पुनरुत्थान व पुनर्गुंतवणूक कायदा संमत झाला. प्रतिनिधिगृहातील एकाही रिपब्लिकन सदस्याने त्यास पाठिंबा दिला नाही. उलटपक्षी अर्थतज्ज्ञ पॉल क्रुगमन यांच्या मते ही रक्कमच अपुरी होती.

रकमेइतकाच वाद तिच्या वाटपाबाबत होता. करसवलत नागरिकांच्या हाती त्वरित पडते. परंतु ती कर्जफेडीत गेल्यास मागणी वाढत नाही. रस्ते व पूल टिकतात. पण आराखडे, निविदा व मंजुरी यांत काळ जातो. राज्यांना दिलेल्या साहाय्यातून नवे काही उभे राहिलेले दिसत नाही. तथापि बहुतेक राज्यांवर अर्थसंकल्प संतुलित राखण्याचे बंधन असल्याने महसूल घटताच शिक्षकांच्या नोकऱ्यांवर गदा येते. ती टाळणे हेच या साहाय्याचे फलित होय. दुसरीकडे, टेक्सासचे तत्कालीन गव्हर्नर रिक पेरी यांनी बेरोजगारी विम्यासाठीचा निधी नाकारला. कारण त्याकरिता राज्याच्या कायद्यात बदल करावा लागणार होता आणि निधी संपल्यावरचा भार उद्योगांवर पडेल, अशी त्यांची भूमिका होती.

सारांश, अशा निधीचे मूल्यमापन उभारलेल्या वास्तूंबरोबरच टिकलेल्या नोकऱ्यांवरूनही व्हावयास हवे.