पितृवंशाची रेघ : कोकणातील बेने इस्राएल आणि जनुकांची साक्ष

पेशवाईत वतनाचा तंटा गोतसभेपुढे उभा राहिला म्हणजे वादी आणि प्रतिवादी या दोघांनाही आपापला करीना लेखी द्यावा लागे. मूळ पुरुष कोण, त्याला पुत्र किती, कोणाचा वंश चालला आणि कोणाचा खुंटला, वतनाची सनद कोणाच्या हातून कोणाच्या हाती गेली, ही सारी हकीकत त्यात क्रमाने येई. मग साक्षीपुरावा होऊन निवाडा होई आणि महजर लिहिला जाई. आपल्या सामाजिक इतिहासाचे केवढे तरी साधन या कागदांनी जपून ठेवले आहे. परंतु ज्यांच्यापाशी वतन नव्हते त्यांना करीना लिहिण्याचा प्रसंगच आला नाही, आणि ज्यांना आला त्यांचीही वंशावळ काही पिढ्या मागे गेली की दंतकथेच्या प्रदेशात शिरते. या सीमेपलीकडचा माग काढण्याचे एक नवे साधन गेल्या तीस-पस्तीस वर्षांत शास्त्रज्ञांच्या हाती आले आहे. ते काय सांगते, आणि विशेषतः काय सांगू शकत नाही, हे समजून घ्यायला आपल्याच किनाऱ्यावरच्या बेने इस्राएल या यहुदी समाजाइतके उद्बोधक उदाहरण क्वचितच सापडेल.

अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर फार प्राचीन काळी एक गलबत फुटले, त्यातील सात पुरुष आणि सात स्त्रिया तेवढ्या वाचल्या, बुडालेल्यांची प्रेते तेथेच पुरली गेली, आणि त्या सात दांपत्यांपासून आपला समाज वाढला, अशी बेने इस्राएलांची परंपरा सांगते. त्यांचे इतिहासकार हाईम सॅम्युएल केहिमकर यांनी आपल्या ग्रंथात हे आगमन इसवी सनापूर्वी १७५ च्या सुमाराचे मानले. तो ग्रंथ १८९७ मध्ये लिहून झाला होता, पण प्रसिद्ध झाला तो १९३७ मध्ये, तेल अवीव येथे. कुलाबा जिल्ह्यात गावोगाव ही मंडळी तेलाचे घाणे चालवीत, आणि शब्बाथच्या दिवशी, म्हणजे शनिवारी, घाण्याला बैल जुंपीत नसत, म्हणून शेजारपाजारचे लोक त्यांना शनवार तेली म्हणत. किहीमचे केहिमकर, पेणचे पेणकर, रोह्याचे रोहेकर, अशी त्यांची आडनावे गावांवरून पडली. बोली मराठी झाली, स्त्रियांच्या गळ्यात मंगळसूत्र आले. तरीही जन्मल्यापासून आठव्या दिवशी मुलाची सुंता होत राहिली, आणि हिब्रू पोथ्या जवळ नसतानाही ‘शेमा’ प्रार्थनेचे आरंभीचे शब्द पिढ्यान् पिढ्या ओठांवर टिकून राहिले. डेव्हिड राहाबी नावाचा एक यहुदी प्रवासी कोकणात आला, त्याने या घरांतील स्त्रियांपुढे निरनिराळी मासळी ठेवून रांधायला सांगितले, आणि त्यांनी यहुदी धर्मात वर्ज्य असलेले, खवले व पर नसलेले मासे आपण होऊन बाजूला सारले तेव्हा हे आपलेच धर्मबांधव अशी त्याची खात्री पटली, अशी आणखी एक कथा आहे. ही परीक्षा स्त्रियांनी दिली, ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी, कारण पुढे तिचा संबंध येणार आहे.

आता आरंभी उल्लेखिलेल्या त्या नव्या साधनाकडे वळू. मनुष्याच्या पेशीत गुणसूत्रांच्या तेवीस जोड्या असतात. त्यांपैकी बावीस जोड्यांत मातापित्यांकडून आलेला मजकूर दर पिढीला एकमेकांत मिसळतो, त्यामुळे कोणता भाग कोणत्या पूर्वजाचा हे थोड्याच पिढ्यांत ओळखू येईनासे होते. तेविसाव्या जोडीत स्त्रीपाशी दोन एक्स गुणसूत्रे असतात, तर पुरुषापाशी एक एक्स आणि एक वाय. हे वाय गुणसूत्र पित्याकडून पुत्राकडे जाते, आणि दोन्ही टोकांचे लहान भाग वगळल्यास त्याला देवघेव करायला जोडीदारच नसल्यामुळे ते जवळजवळ जसेच्या तसे जाते. सुमारे सहा कोटी अक्षरांचा हा मजकूर (त्याचे अथपासून इतिपर्यंतचे वाचन प्रथम २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले) दर पिढीला नव्याने उतरवला जात असताना क्वचित एखादे अक्षर बदलते, आणि मग तो बदल पुढील सर्व पुत्रपौत्रांत कायम राहतो. पुण्याच्या भांडारकर संस्थेत महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध करताना विष्णु सीताराम सुकथनकर आणि त्यांचे सहकारी यांनी देशाच्या कानाकोपऱ्यांतून आणलेल्या पोथ्यांची कुळे लावली, ती याच तत्त्वाच्या आधारे: दोन पोथ्यांत एकच विलक्षण अपपाठ आढळला, तर दोन दूरदूरच्या लहियांच्या हातून तीच चूक स्वतंत्रपणे घडली असे मानण्यापेक्षा त्या दोन्ही पोथ्या एकाच मातृकेवरून उतरल्या असे मानणे अधिक सयुक्तिक ठरते. वाय गुणसूत्रावरील अक्षरबदल हे असेच अपपाठ होत. त्यांतील काही बदल अतिशय विरळ घडतात, आणि त्यांच्यावरून मानवजातीच्या मोठ्या पितृशाखा ठरतात. काही ठिकाणी मात्र अक्षरांचा एक लहान गट पुन्हा पुन्हा येतो आणि त्या आवृत्तींची संख्या बरीच जलद बदलते, तिच्यावरून अलीकडच्या काही शतकांतील भाऊबंदकी ताडता येते. बदल साधारण किती वेगाने होतात हे ठाऊक असल्याने दोन पुरुषांचा समाईक पूर्वज कोणत्या काळी होऊन गेला याचा अदमास करता येतो. पण तो अदमासच असतो, आणि त्याच्या दोन टोकांत शेकडो, कधी हजारो वर्षांचे अंतर असते.

या पितृशाखांच्या वृक्षाचे मूळ आफ्रिकेत आहे. आज उपलब्ध असलेली सर्वांत पुरातन शाखा २०१३ मध्ये प्रकाशात आली, तिचे धागे पश्चिम आफ्रिकेतील कॅमेरूनमध्ये मिळाले, आणि तिच्यामुळे सर्व जिवंत पुरुषांचा समाईक पूर्वज दोन लाख वर्षांहून मागे सरकला. तो त्या काळचा एकमेव पुरुष होता असे मात्र नव्हे. इतरांच्या पुत्रपरंपरा मध्येच कोठेतरी खुंटल्या, इतकेच. आफ्रिकेबाहेरच्या बहुसंख्य पुरुषांच्या रेषा पन्नास ते सत्तर हजार वर्षांपूर्वी तेथून निघालेल्या मोजक्या शाखांना मिळतात. युरेशियाच्या गवताळ प्रदेशातील कांस्ययुगीन दफनांत सापडलेल्या ‘आर-१-ए’ या शाखेची एक डहाळी आज भारतात ब्राह्मणांमध्ये विशेष प्रमाणात आणि काही आदिवासी जमातींमध्येही आढळते. हडप्पा संस्कृतीच्या पुरुषांविषयी असे काही कळावे ही साहजिक इच्छा. परंतु पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे वसंत शिंदे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी राखीगढीच्या दफनभूमीतून साठांहून अधिक नमुने तपासले तेव्हा वाचण्याजोगा डीएनए एकाच सांगाड्यातून मिळाला, आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेला तो सांगाडा होता एका स्त्रीचा. तिच्या पेशींत वाय गुणसूत्र असणे शक्यच नव्हते.

यहुदी समाजाकडे या विद्येचे लक्ष वळले ते त्यांच्या पुरोहितवर्गामुळे. कोहेन हे पद पित्याकडूनच पुत्राला मिळते, तेव्हा परंपरा खरी असेल तर जगभरच्या कोहेनांची वाय गुणसूत्रे एकमेकांशी जुळावीत, असा सरळ विचार कार्ल स्कोरेकी या वैद्यकशास्त्रज्ञाने केला. १९९७ मध्ये त्याचे व मायकेल हॅमर यांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले आणि अपेक्षेप्रमाणे साम्य दिसून आले. २००९ मध्ये अधिक बारकाईने पाहता त्या एका प्रमुख शाखेवर निम्म्याहून थोडे कमीच कोहेन असल्याचे दिसले. उरलेले इतर शाखांवर होते. दक्षिण आफ्रिका आणि झिंबाब्वे येथील लेंबा लोक बांटू भाषा बोलतात, डुकराचे मांस वर्ज्य मानतात आणि आपले पूर्वज समुद्रापलीकडून आले असे सांगतात. त्यांच्यातील बुबा नावाच्या कुळात कोहेनांशी जुळणारा नमुना लक्षणीय प्रमाणात असल्याचे २००० मध्ये दाखवून देण्यात आले. समुद्रपार येण्याची कथा, शेजाऱ्यांची भाषा, आणि तरीही टिकून राहिलेले आचार: या तिन्ही गोष्टींत नवगावचे स्मरण होणे स्वाभाविक आहे.

बेने इस्राएलांचा सविस्तर जनुकीय अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात यहुदी आणि भारतीय या दोन्ही वंशांचा वाटा भरघोस आढळला. ते मिश्रण सुमारे १९ ते ३३ पिढ्यांपूर्वी, म्हणजे साधारण साडेसहाशे ते एक हजार पन्नास वर्षांपूर्वी झाले. आणि यहुदी वाटा मध्यपूर्वेतून, प्रामुख्याने पुरुषांकडून आला, तर भारतीय वाटा प्रामुख्याने स्त्रियांकडून. हे ओळखण्याची एक युक्ती अशी की, एक्स गुणसूत्राचा दोनतृतीयांश प्रवास स्त्रियांच्या देहांतून होत असल्याने त्यावर कोणत्या वंशाचा अंश उरलेल्या गुणसूत्रांच्या मानाने अधिक आहे, हे पाहिले की माता कोणत्या बाजूच्या होत्या ते कळते. त्याआधी २००८ मध्येच, केवळ आईकडून अपत्यांत जाणाऱ्या मायटोकाँड्रियातील डीएनएवरून असे दिसले होते की बेने इस्राएलांपैकी सुमारे ४१ टक्के लोकांची मातृरेषा एकाच स्त्रीपाशी पोहोचते, आणि ती रेषा भारतीय आहे.

यामुळे केहिमकरांचा काळ खोटा ठरला, असे घाईने म्हणू नये. मिश्रणाचा काळ हा आगमनाचा काळ नव्हे. शिवाय पुन्हा पुन्हा विवाहसंबंध झाले असतील तर गणित अलीकडच्या संबंधांकडे झुकते. परंपरेतील सात स्त्रियांविषयी मात्र फेरविचार करणे भाग आहे. समुद्रातून आलेल्या पुरुषांच्या घरी कोकणातल्या मुली सुना म्हणून आल्या, नारळाच्या दुधातले कालवण आणि मराठी अंगाईगीत घेऊन आल्या. त्यांनी सासरचा धर्म इतक्या निष्ठेने उचलला की शतकांनंतर राहाबीपुढे मासळी निवडून देणारे हात त्यांच्याच लेकीसुनांचे होते. पितृवंशाची रेघ या स्त्रियांविषयी एक अक्षरही सांगत नाही. दहा पिढ्या मागे गेल्यास आपल्या वंशवृक्षावर १,०२४ पूर्वजांच्या जागा असतात; वाय गुणसूत्र त्यांतील एकाच पुरुषाची साक्ष देते.

या मर्यादेचे भान सुटले तर केवढा अन्याय होऊ शकतो हे याच समाजाने अनुभवले आहे. इस्राएलच्या स्थापनेनंतर हजारो बेने इस्राएल तिकडे गेले. १९६० नंतर तेथील धर्मपीठाने त्यांच्या विवाहापूर्वी मातृवंशाची मागे जाता येईल तितकी चौकशी करण्याचा दंडक घातला. ज्या गावांत जन्ममृत्यूची नोंदवही नव्हती, तेथल्या आजी-पणजीचा दाखला त्या बिचाऱ्यांनी कोठून आणावा? त्यांनी चिकाटीने निदर्शने केली, आणि १९६४ मध्ये ते सर्वार्थाने यहुदी असल्याची मान्यता मिळाली. यहुदी धर्मशास्त्रात समाजाचे सभासदत्व मातेवरून ठरते, म्हणजे वाय गुणसूत्राची कितीही काटेकोर तपासणी केली असती तरी धर्मपीठाच्या प्रश्नाला तिने उत्तर दिलेच नसते. कोणाचे कोणत्या समाजाशी नाते आहे याची सनद प्रयोगशाळेतून मागू नये, असे माझे ठाम मत आहे. ती देण्याचा अधिकार प्रयोगशाळेचा नाही.

हेच आपल्याकडच्या घराण्यांनाही लागू आहे. गालाच्या आतल्या बाजूची पुसणी देऊन आज कोणालाही आपली पितृशाखा जाणून घेता येते. स्त्रीला ती हवी असेल तर वडिलांचा, भावाचा किंवा काकांचा नमुना लागतो. परंतु ज्या प्रांतात वतन राखण्यासाठी दत्तक घेण्याची चाल सर्रास होती, तेथे करीन्यातील मूळ पुरुष आणि देहातील पूर्वज निराळे निघणे मुळीच आश्चर्याचे नाही, आणि त्यात कोणताही कमीपणा नाही. इंग्लंडचा राजा तिसरा रिचर्ड याच्या अस्थी लेस्टर येथे २०१२ मध्ये सापडल्या, तेव्हा मातृरेषेतील हयात नातलगांशी त्या जुळल्या. पितृरेषेतील म्हणून समजल्या जाणाऱ्यांशी मात्र जुळल्या नाहीत. त्या पितृरेषेत मध्येच कोठेतरी खंड पडला होता आणि कागदावर त्याचा मागमूस नव्हता.

बेने इस्राएलांच्या बाबतीत पुढचा अभ्यास त्यांच्या आडनावांच्या आधाराने होऊ शकेल. आडनाव आणि वाय गुणसूत्र हे दोन्ही पित्याकडून पुत्राकडे एकाच वाटेने चालतात. तेव्हा इस्राएलमधील लोद, अश्दोद आणि दिमोना येथे आज राहणारे रोहेकर, मुंबई-ठाण्यातले रोहेकर आणि कोकणात मागे उरलेली थोडी घरे यांनी स्वेच्छेने नमुने दिले, तर एका आडनावाचे पुरुष एकाच पूर्वजापाशी पोहोचतात की एका गावात राहिल्यामुळे निरनिराळ्या कुळांना तेच नाव लागले, हे ठरवता येईल, आणि परंपरेतील सात पुरुषांच्या संख्येचीही त्याबरोबर पडताळणी होईल. कोकणातील घरे दर पिढीगणिक कमी होत असल्याने हे काम लवकर हाती घेतले पाहिजे, आणि ते करताना याच घरांतील वृद्ध स्त्रियांच्या आठवणीही टिपून ठेवल्या पाहिजेत.