कोरडे डोळे आणि आखडलेला कणा

शोग्रेनच्या आजारात शरीराच्या स्वतःच्याच पांढऱ्या पेशी अश्रू आणि लाळ तयार करणाऱ्या ग्रंथींत शिरतात, तिथे ठाण मांडतात आणि ग्रंथी हळूहळू आटत जातात. डोळ्यांत वाळू गेल्यासारखे खुपते, भाकरीचा घास पाण्याच्या घोटाशिवाय घशाखाली उतरत नाही, रात्री जीभ टाळूला चिकटते. स्वीडनचे नेत्रतज्ज्ञ हेन्रिक शोग्रेन यांनी १९३३ साली आपल्या प्रबंधात अशा १९ स्त्रियांची नोंद केली. त्यांतल्या १३ जणींचे सांधेही दुखत होते. कोरड आणि सांधे यांचे नाते असे पहिल्या वर्णनापासूनच दिसते; मात्र ते मुख्यतः हातापायांच्या सांध्यांशी असते. पाठीच्या कण्याचा प्रश्न वेगळा आहे.

कण्याचा दाहक संधिवात म्हणजे प्रामुख्याने अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिस. त्याची सुरुवात बहुधा कंबरेच्या तळाशी, कणा आणि श्रोणीची (ओटीपोटाभोवतीची) हाडे जिथे जोडली जातात त्या सांध्यांत होते. वय साधारण विशी-तिशीचे असते. काम करून थकलेली कंबर आडवे पडले की सुखावते. या आजारात उलटे घडते. पहाटे दुखण्याने जाग येते, उठल्यावर अर्धा-एक तास पाठ लाकडासारखी ताठ असते आणि चालू-फिरू लागले की मोकळी होते. वर्षानुवर्षे दाह राहिला तर मणके हाडाने एकमेकांना जोडले जाऊन कणा वाकेनासा होतो.

या दोन आजारांची जात निराळी आहे. शोग्रेनच्या दहा रुग्णांपैकी नऊ स्त्रिया असतात, बहुतेक चाळिशीच्या पुढच्या, आणि अनेकींच्या रक्तात ‘रो’ नावाची प्रतिपिंडे सापडतात. कण्याच्या आजाराला तसे प्रतिपिंड नाही. त्याचा धागा एचएलए-बी२७ या जनुकाशी जुळतो, हे १९७३ मध्ये लंडन आणि लॉस एंजेलिस इथल्या संशोधकांनी स्वतंत्रपणे दाखवले. अर्थात हे जनुक असलेल्या बहुतेक माणसांना आजार कधीच होत नाही. त्यामुळे केवळ बी२७चा अहवाल पाहून घाबरण्याचे कारण नाही.

तरीही दोन्ही आजार एकाच शरीरात भेटतात. कोरड असलेल्या काही रुग्णांच्या एमआरआयमध्ये कंबरेच्या सांध्यांचा दाह दिसतो, आणि कण्याच्या रुग्णांत कोरड्या डोळ्यांची तक्रार इतरांपेक्षा अधिक आढळते. आयएल-१७ हा दाह पेटवणारा रेणू दोन्हीकडे सापडतो. खरे शोग्रेन आणि खरा स्पॉन्डिलायटिस एकत्र असणे मात्र दुर्मीळ आहे. म्हणून कण्याच्या रुग्णाचे डोळे कोरडे पडले तर आधी औषधांची यादी पाहावी. जुन्या पाठदुखीसाठी रात्री दिली जाणारी ॲमिट्रिप्टिलिन आणि सर्दी-खाजेच्या गोळ्या लाळ आणि अश्रू दोन्ही कमी करतात.

डोळ्यांबाबत आणखी एक भेद जीव तोडून सांगण्यासारखा आहे. कोरड दोन्ही डोळ्यांना, हळूहळू जाणवते. कण्याच्या आजारात मात्र एकच डोळा अचानक लाल होऊन ठणकू शकतो आणि उजेड सहन होत नाही. हा डोळ्याच्या आतला दाह असतो. दुकानातून थेंब आणून वाट पाहिली तर नजर जाऊ शकते. त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञ गाठायला हवा.

चंद्रपूर-गडचिरोलीत हे सगळे ओळखणे अधिक अवघड जाते, कारण इथे प्रत्येक लक्षणाला रोजच्या जगण्यातले कारण तयार असते. मे महिन्यात पारा ४५ अंशांपुढे जातो, कोळसा खाणींची आणि रस्त्यांची धूळ हवेत असते. डोळे कुणाचे चुरचुरत नाहीत? सुपारी-तंबाखूचा खर्रा खाणाऱ्याच्या तोंडाची आग आणि कोरड खर्ऱ्याच्या माथी मारली जाते, आणि बहुतेकदा ते बरोबरही असते. धानाच्या बांधीत वाकून रोवणी करणाऱ्या बाईची किंवा तेंदूपत्ता तोडणाऱ्याची कंबर दुखणारच, असे घरचे आणि डॉक्टरही धरून चालतात. गडचिरोलीच्या गावांत ‘सर्च’ संस्थेने केलेल्या पाहणीतही पाठदुखी घरोघरी आढळली. त्या गर्दीत दाहक पाठदुखीचा एखादा तरुण सहज हरवतो.

फ्लोराइडमुळे तर चेहरामोहराच सारखा होतो. चंद्रपूर जिल्ह्यात अनेक गावांच्या भूजलात फ्लोराइड जास्त आहे. पिण्याच्या पाण्यात ते लिटरला दीड मिलिग्रॅमच्या वर असू नये. असे पाणी वर्षानुवर्षे पोटात गेले की कण्याच्या अस्थिबंधांत चुना साठतो आणि माणूस स्पॉन्डिलायटिसच्या रुग्णासारखाच ताठतो. फरक क्ष-किरणात दिसतो: फ्लोरोसिसमध्ये हाडे अधिक दाट, पांढरी दिसतात, कोपराखालच्या दोन हाडांमधला पडदाही कठीण होतो आणि कंबरेचे सांधे सहसा कुरतडलेले नसतात. मणक्याचा क्षयरोग आणि आदिवासी समाजात मोठ्या प्रमाणात असलेला सिकलसेल हा रक्ताचा आजार यांचाही विचार करावा लागतो. सिकलसेलमध्ये खुब्याच्या हाडाचा रक्तपुरवठा तुटून तरुणपणीच लंगडेपणा येतो.

पहिल्या तपासण्या साध्या आहेत. खालच्या पापणीत शिर्मरच्या टिपकागदाची पट्टी अडकवून पाच मिनिटे डोळे मिटायला सांगतात. ओल पाच मिलिमीटरपर्यंतच पोहोचली तर अश्रू कमी पडताहेत असे समजतात. कण्यासाठी पाठीवर दहा सेंटीमीटर अंतराच्या दोन खुणा करून रुग्णाला पुढे वाकवतात. निरोगी पाठीत ते अंतर पंधराच्या आसपास जाते, आखडलेल्या पाठीत फारसे हलत नाही. गरज पडली तर खालच्या ओठाच्या आतून लाळग्रंथींचा कणभर तुकडा काढून तपासतात. संधिवात तज्ज्ञासाठी या भागातल्या रुग्णाला बहुधा नागपूर गाठावे लागते.

उपचारांत दोन आजारांच्या वाटा पुन्हा फुटतात. कण्याला वेदनाशामक दाहनाशके आणि रोजचा व्यायाम, त्याने भागले नाही तर टीएनएफ (दाह पेटवणारा आणखी एक रेणू) किंवा आयएल-१७ रोखणारी इंजेक्शने. टीएनएफ रोखणारी औषधे शोग्रेनच्या कोरडीवर चाचण्यांत उपयोगी ठरली नाहीत. तिथे कृत्रिम अश्रू, लाळ वाढवणारी पायलोकार्पिन आणि दातांची काळजी यांवर भर असतो, कारण लाळ नसलेल्या तोंडात दात झपाट्याने किडतात. दंतवैद्य फ्लोराइडची पेस्ट सुचवतात. फ्लोराइडग्रस्त गावातही ती दातांना लावायला हरकत नाही, फक्त गिळू नये. गालाखालची ग्रंथी सतत सुजलेली राहिली तर लसिकाग्रंथींच्या कर्करोगाची शंका घेऊन तपासणी करावी. रो प्रतिपिंडे असलेली स्त्री गरोदर राहिली तर बाळाच्या हृदयाचे ठोके चौथ्या-पाचव्या महिन्यापासून पाहावे लागतात. कण्याच्या रुग्णाला टीएनएफ रोखणारे इंजेक्शन सुरू करण्याआधी मात्र छातीचा क्ष-किरण आणि सुप्त क्षयाची चाचणी व्हायलाच हवी. हे औषध शरीरात निजलेला क्षय जागा करू शकते, आणि ज्या गावांत क्षय अजून घराघरांत आहे तिथे ही चाचणी टाळणे धोक्याचे ठरते.