ऊन, घाम आणि विजेतेपद

मुष्टियुद्धातील जय-पराजय ताकद, चपळाई आणि जिगर यांवर ठरतो, असा सर्वसाधारण समज आहे. परंतु हवेतील उष्मा हाही निकाल फिरवू शकणारा घटक आहे, हे 23 जून 1986 रोजी अमेरिकेतील लास व्हेगास येथे झालेल्या बॅरी मॅग्विगन आणि स्टीव्ह क्रूझ यांच्या लढतीने दाखवून दिले. शहापूर आणि मुरबाड या तालुक्यांत एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशी ओलांडतो आणि त्याच दिवसांत पोलीस भरतीची तयारी व क्रिकेटचे सामने उघड्या मैदानांवर चालतात. त्यामुळे या लढतीचा अभ्यास येथील वाचकाच्याही जिव्हाळ्याचा ठरतो.

मॅग्विगन हा आयर्लंडमधील क्लोन्स या लहानशा गावाचा मुष्टियोद्धा. जून 1985 मध्ये लंडन येथे त्याने पनामाच्या युसेबिओ पेड्रोझाला, म्हणजे 1978 पासून अजिंक्य असलेल्या विजेत्याला, गुणांवर हरवून जागतिक मुष्टियुद्ध संघटनेचे फेदरवेट गटाचे, अर्थात सुमारे 57 किलो वजनमर्यादेच्या गटाचे, विजेतेपद मिळवले आणि पुढे बेलफास्ट व डब्लिन येथे ते राखले. लास व्हेगासमध्ये मूळ प्रतिस्पर्धी जायबंदी झाल्याने त्याच्या जागी आलेला क्रूझ हा टेक्सासमधील फोर्ट वर्थचा, प्लंबरचा मदतनीस म्हणून काम करणारा 22 वर्षांचा तरुण होता, आणि तो जिंकेल अशी अपेक्षा फारच थोड्यांना होती.

लढत सीझर्स पॅलेस या हॉटेलच्या आवारात उघड्यावर झाली आणि तापमान 40 अंश सेल्सिअसच्या वर होते. जागतिक मुष्टियुद्ध संघटनेच्या विजेतेपदाच्या लढती तेव्हा 15 फेऱ्यांच्या असत व प्रत्येक फेरी तीन मिनिटांची असे. मॅग्विगन दहाव्या फेरीत एकदा खाली पडला, बाराव्या फेरीत कमरेखाली ठोसा मारल्याबद्दल त्याचा एक गुण कापला गेला आणि अखेरच्या फेरीत तो दोनदा कोसळला. तिन्ही पंचांनी क्रूझला विजयी ठरवले, तरी त्यांपैकी दोघांच्या गुणपत्रिकांत फरक अवघ्या एकेका गुणाचा होता. म्हणजे शेवटच्या तीन मिनिटांतील ते दोन पाडाव झाले नसते, तर विजेतेपद मॅग्विगनकडेच राहिले असते. लढतीनंतर शरीरातील पाणी कमी झाल्यामुळे त्याला रुग्णालयात हलवावे लागले.

या पराभवामागील शरीरशास्त्र समजण्यास कठीण नाही. स्नायू वापरतात त्या ऊर्जेचा जेमतेम चौथा भाग हालचालीत खर्च होतो आणि उरलेल्या ऊर्जेची उष्णता होते. ही उष्णता बाहेर टाकण्यासाठी रक्त त्वचेकडे वळवावे लागते, परंतु त्याच वेळी स्नायूंनाही रक्त हवे असल्यामुळे हृदयावर दुहेरी ताण येतो. हवा त्वचेपेक्षा गरम असेल, तर शरीर थंड करण्यास घामाचे बाष्पीभवन हाच एक मार्ग उरतो. घामावाटे वजनाच्या सुमारे दोन टक्के पाणी गेले, म्हणजे 57 किलोच्या मुष्टियोद्ध्याचे वजन एक किलोहून थोडे अधिक घटले, तरी दमसास कमी होऊ लागतो. क्रूझही त्याच उन्हात लढत होता आणि त्याच्या ठोशांचे श्रेय त्याचेच आहे. तथापि टेक्सासचा कडक उन्हाळा आणि आयर्लंडचा सौम्य उन्हाळा यांतील अंतर दुर्लक्षिता येत नाही.

असा प्रसंग पहिलाच नव्हता. जून 1952 मध्ये न्यूयॉर्कच्या यँकी स्टेडियमवर शुगर रे रॉबिन्सन गुणांवर आघाडीवर असूनही उष्म्याने गलितगात्र होऊन चौदाव्या फेरीसाठी उठू शकला नाही, आणि त्याआधी त्या लढतीचे रिंगमधील पंचच उकाड्याने बेजार झाल्यामुळे बदलावे लागले होते. रॉबिन्सनसारख्या असामान्य मुष्टियोद्ध्याला जे टाळता आले नाही, ते केवळ जिद्दीच्या बळावर टाळता येईल, असे मानणे धोक्याचे आहे.

शहापूर-मुरबाडचा उन्हाळा लास व्हेगासच्या वाळवंटी उन्हाळ्याहून वेगळा आहे, कारण येथील हवेत दमटपणा अधिक असतो आणि दमट हवेत घाम वाळत नाही, नुसताच निथळतो. त्यामुळे कमी तापमानातही शरीर तितकेच तापू शकते. एप्रिल 2023 मध्ये खारघर येथील भर उन्हातील कार्यक्रमात उष्माघाताने झालेल्या मृत्यूंनी हा धोका केवळ बसून राहणाऱ्यांनाही असतो, हे दाखवले. शरीर उन्हाला सरावते, परंतु त्यासाठी साधारणतः दहा ते चौदा दिवस व्यायाम हळूहळू वाढवावा लागतो. म्हणून पोलीस भरतीसाठी 1600 मीटर धावण्याचा सराव अचानक दुपारी सुरू करणे चुकीचे, आणि वीटभट्टीवर नव्याने आलेल्या मजुराकडून पहिल्याच दिवशी पूर्ण काम घेणे तितकेच चुकीचे ठरते. धावणारा किंवा राबणारा माणूस असंबद्ध बोलू लागला, अडखळू लागला, तर तो उष्माघात समजून त्याला सावलीत न्यावे, अंगावर भरपूर पाणी ओतून वारा घालावा, शुद्ध हरपली असल्यास तोंडाने पाणी देऊ नये आणि 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

1980 चे दशक संपेपर्यंत प्रमुख संघटनांनी विजेतेपदाच्या लढती 15 वरून 12 फेऱ्यांवर आणल्या, कारण खेळाडूच्या धैर्याला मर्यादा नसली तरी त्याच्या शरीराला असते, हे 1982 मधील एका मुष्टियोद्ध्याच्या मृत्यूनंतर त्यांना मान्य करावे लागले. गावोगावच्या स्पर्धांचे आयोजक, प्रशिक्षक आणि कामाचे मुकादम यांनीही सामन्यांची व कामाची वेळ सकाळ-संध्याकाळकडे सरकवणे, सावली आणि पिण्याचे पाणी ही मैदानाची पहिली गरज मानणे आणि थांबणाऱ्याला भित्रा न म्हणणे, एवढे केले तरी अनेक तरुणांचे प्राण वाचतील.